पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला टब

मित्रांनो, आधी नाक मुरडायचं थांबवा. मी एक जुना बाथटब आहे, घाणेरडा नव्हे. या दोन गोष्टींत लोक फार गल्लत करतात. माझा एक पाय किंचित आखूड आहे, काठाचा नखाएवढा टवका उडालाय, आणि नळ तर माझा मूळचा नाहीच, मागाहून बसवलेला आहे. हे सगळं कबूल. पण माझ्यासारख्या जुन्याला कोणी घाण म्हटलं की माझं डोकं फिरतं. माझी निगा ज्या हातांनी राखली, त्या हातांचा तो अपमान आहे.

माझा जन्म कारखान्यातला. ओतीव लोखंडाचं माझं अंग लालबुंद होईपर्यंत तापवलं आणि वरून पांढऱ्या काचेची बारीक पूड भुरभुरली. ती वितळली, अंगाला चिकटली आणि मी पांढराशुभ्र झालो. गोरं व्हायला एवढं भाजून घ्यावं लागतं, हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मला कोण विचारत होतं म्हणा!

तिथून मी एका हॉटेलात आलो. तिसरा मजला, खोली तीनशे सात. हॉटेल काही फार मोठं नव्हतं. लिफ्ट अधूनमधून मध्येच अडकायची आणि पडद्यांना सिगारेटचा वास यायचा. तरी माझ्यामुळे त्या खोलीचा तोरा वेगळा होता. माझ्यात नाना तऱ्हेची माणसं बसून गेली. एक फिरता विक्रेता माझ्यात घोरत पडायचा. एकजण पेपर वाचता वाचता अर्धा पेपर पाण्यात बुडवायचा आणि त्याची शाई माझ्या अंगाला लागायची. बाहेर आवाज जाऊ नये म्हणून एक बाई नळ पूर्ण सोडून रडायची. मी कोणाला काही विचारत नसे. गरम पाणी पोटात घ्यायचं आणि माणसाला सैल होऊ द्यायचं, एवढंच माझं काम, आणि ते मला मनापासून आवडायचं.

माणसं गेली की यायचे चकचकराव.

हे त्यांचं खरं नाव नव्हे. तिसऱ्या मजल्यावरच्या सगळ्या बाथरूम घासायचं काम त्यांच्याकडे होतं, आणि एखादी गोष्ट मनासारखी झाली की ते पुटपुटायचे, "आता कसं, चकचक!" बरोबरीच्या लोकांनी तेच नाव करून टाकलं. माणूस किरकोळ अंगाचा, पण हात असा की काय सांगू! आधी कोमट पाण्यानं मला भिजवायचे. मग जाळीतले केस काडीनं एक-एक करून काढायचे. खायचा सोडा आणि दोन थेंब साबण, आणि घासायला जुना सुती बनियन. तारेची घासणी त्यांनी मला कधी दाखवलीसुद्धा नाही. ॲसिडची बाटली कोणी आणली, तर ते दारातच आडवे व्हायचे. म्हणायचे, "अरे, तिच्यानं डाग जातो, पण कातडीही जाते. मग रोज नवा डाग धरतो तो." शेवटी कोरड्या फडक्यानं पुसून बोटांची मागची बाजू माझ्या अंगावरून फिरवायचे. डोळा फसतो, बोट फसत नाही, असा त्यांचा हिशेब होता.

दिवसाला बावीस बाथरूम. सगळं काम उभ्यानं किंवा वाकून. संध्याकाळपर्यंत पोटऱ्या दगडासारख्या व्हायच्या आणि त्यांवरच्या निळ्या शिरा फुगून वर यायच्या. तीनशे सात ही त्यांची शेवटची खोली. काम संपलं की ते माझ्या काठावर घटकाभर टेकायचे आणि पोटऱ्या चोळायचे. नोकरांनी टबात बसायचं नाही असा नियम होता, आणि हा माणूस नियम मोडणाऱ्यांतला नव्हता. पण एकदा ते माझ्याशी बोलले. खरंच बोलले, कारण तिथे दुसरं कोणी नव्हतं.

"एक दिवस मीपण बसणार बघ," ते म्हणाले. "गळ्यापर्यंत गरम पाण्यात. घड्याळ काढून ठेवून."

अठरा वर्षं त्यांनी मला घासलं. मित्रांनो, अठरा वर्षं! आणि माझ्यात त्यांचं फक्त कोपरापर्यंत अंग भिजलं.

मग हॉटेलच्या मालकांना वाटलं की टब आता जुनाट दिसतात. त्यांच्या जागी काचेच्या खोपट्यात शॉवर बसवायचे ठरले. पहिल्या मजल्यावरून हातोड्यांचे आवाज यायला लागले. माझ्यासारख्या टबांचे तुकडे करून ते पोत्यांतून खाली नेत होते. माझी पाळी परवावर आली होती. तेव्हा चकचकराव टोपी हातात धरून मॅनेजरसमोर उभे राहिले.

"साहेब, तीनशे सातचा टब मला देता का?"

"तुम्ही काय करणार त्याचं? घरात पाय ठेवायला जागा आहे का?"

"बघीन काहीतरी."

"न्या मग. पण आजच न्या, आणि जिना खरवडू नका."

तर असा मी हातगाडीवर उताणा पडून, आभाळाकडे बघत, त्यांच्या घरी आलो. दोन खोल्या, पहिला मजला. चार माणसं मला उचलून धापा टाकत वर आली. बाथरूमचं दार माझ्यापेक्षा चार बोटं अरुंद निघालं. ते बिजागऱ्यांतून काढलं, मला आत घातलं आणि मग दार बाहेर उघडेल असं परत बसवलं. मला भिंतीला लावल्यावर बाथरूममध्ये उरली फक्त बादली आणि एक स्टूल मावेल एवढी जागा.

त्यांच्या बायकोला मी बाईसाहेब म्हणतो. कारण पुढे माझ्यावर हुकूम त्यांचाच चालला. त्या दारात उभ्या राहिल्या. एका बोटानं माझा काठ त्यांनी जरासा शिवून पाहिला, तापलेला तवा शिवतात तसा.

"अगं बाई! हे आपलं?"

"आपलं. आज बसूनच बघतो," चकचकराव म्हणाले. त्यांनी खरंच घड्याळ काढायला घेतलं होतं.

पण नळ बसवणारा म्हणाला, "काका, सिमेंट ओलं आहे. दोन दिवस पाणी सोडू नका." बरं, दोन दिवस थांबले. तेवढ्या दोन दिवसांत त्यांनी बायकोला माझी निगा शिकवली. सोडा किती, फडकं कसलं, जाळी कशी काढायची. टब वापरात नसला तरी आठवड्याला मगभर पाणी जाळीत ओतायचं, नाहीतर पाइपातलं पाणी आटतं आणि गटाराचा वास वर येतो. त्यांनी फार मन लावून शिकवलं, त्याहून मन लावून बाईसाहेब शिकल्या, आणि इथंच घोडं पेंड खाऊ लागलं.

तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या काकू मला बघायला आल्या. चौथ्या दिवशी समोरच्या. बाईसाहेब दार उघडून एखादं देवघर दाखवावं तसं मला दाखवायच्या. काकू म्हणाल्या, "किती गं स्वच्छ! आम्ही असतो तर चार दिवसांत वाट लावली असती." झालं. ते वाक्य बाईसाहेबांच्या मनात असं रुतून बसलं की पुढे कधी निघालंच नाही. या घरात येण्याआधी जन्मभर त्यांनी गळक्या बादलीनं, दहा बिऱ्हाडांच्या सामायिक बाथरूममध्ये, बाहेर रांग लागलेली असताना अंघोळ केली होती. घरात मिरवावं असं पहिल्यांदाच काही आलं होतं. त्यांना मी समजून घेतो. राग मात्र येतो.

चकचकराव संध्याकाळी घरी आले की विचारायचे, "आज बसू का गं?"

"आज? आजच घासलाय हो. शनिवारी बसा, मग लगेच घासता येईल."

शनिवारी पाणी कमी यायचं. पुढच्या शनिवारी लेकीचे सासरचे येणार असायचे, आणि पाहुण्यांपुढे डागाळलेला टब कसा दाखवायचा? कारणं सगळी खरी असायची, तेच तर वाईट. खोटी असती तर भांडण तरी झालं असतं. इथे चकचकराव मान डोलवायचे, "बरं बरं, पुढच्या वेळी," आणि माझ्या शेजारी स्टुलावर बसून बादलीनं अंघोळ करायचे. पाणी माझ्यावर उडू नये म्हणून बाईसाहेब माझ्यावर जुनी चादर टाकून ठेवायच्या. मी चादरीखाली कोरडाठाक, आणि शेजारी तो माणूस फुगलेल्या पोटऱ्यांवर मगानं पाणी ओततोय. सांगा, काय वाटत असेल मला? मला भरायचं होतं हो. माझा जन्मच त्यासाठी होता.

त्या घरात माझ्यात पहिली अंघोळ केली ती लेकीच्या सासऱ्यांनी. अंघोळ कसली! त्यांना टबाची सवयच नव्हती. ते माझ्यात उभे राहिले, बादली माझ्याच पोटात ठेवली, मगानं भराभर पाणी घेतलं आणि पाच मिनिटांत बाहेर. "छान आहे हो टब, ऐसपैस," असं म्हणून गेले. त्यानंतर बाईसाहेब दोन दिवस माझ्यापुढे गुडघे टेकून बसल्या होत्या. चकचकराव दारात उभे राहून हसत म्हणाले, "मीसुद्धा तुझा पाहुणा होतो एक दिवस. बाहेरून बेल वाजवतो हवं तर."

"काहीतरीच तुमचं," बाईसाहेबही हसल्या. "रिटायर झालात की रोज बसा. मग मी एक शब्द बोलणार नाही."

वाईट बाई नव्हती ती, गैरसमज नको. रोज जेवण झालं की गरम पाण्यात फडकं पिळून नवऱ्याच्या पायांना शेकायची आणि अर्धा अर्धा तास पोटऱ्या चेपायची. मला आतून ऐकू यायचं. "इथे दुखतं का? आणि इथे?" ज्या पाण्यानं ते सगळं एका फटक्यात झालं असतं, ते माझ्या नळात होतं, आणि तिच्या ते लक्षात येत नव्हतं. तिला वाटायचं, अजून पुष्कळ दिवस आहेत.

चकचकराव रिटायर झाले. एका मंगळवारी बाईसाहेब बाजारात गेल्या. चकचकरावांनी दार लावलं, माझ्यावरची चादर काढून घडी केली, घड्याळ काढून खिडकीत ठेवलं आणि गरम पाण्याचा नळ सोडला. मित्रांनो, माझं लोखंड आतून शहारलं! पाऊलभर पाणी झालं असेल नसेल, तेवढ्यात बाहेरच्या दाराला किल्ली लागली. पिशवी विसरून बाईसाहेब अर्ध्या वाटेवरून परत आल्या होत्या. त्यांनी आवाज दिला, "अहो, आत आहात का?" आणि हा पासष्टीकडे झुकलेला माणूस चोरी पकडल्यासारखा घाबरला. पटकन नळ बंद केला, बूच काढलं आणि मला कोरडं पुसलं. काय ते पुसणं! अठरा वर्षांची सवय, एक थेंब मागे राहिला नाही.

"टब पुसलात? शहाणे आहात," बाईसाहेब म्हणाल्या. त्यांनी खिडकीतलं घड्याळ उचलून मनगटाला बांधलं. त्या दिवशी मी त्यांच्यावर चिडलो होतो. बसायचं होतं तसंच, काय खाल्लं असतं का तिनं?

त्यानंतर वर्षभरात दुखणं आलं. पाठीच्या मणक्यापासून सुरू झालं आणि हाडाहाडांत शिरलं. डॉक्टर घरी येऊन गेले की जिन्यात लेकीशी हळू आवाजात बोलायचे. चकचकराव आतल्या खोलीत पलंगावर पडून असायचे. बाईसाहेबांचा सगळा दिवस औषधं, पेज आणि चादरी बदलणं यात जायचा. माझ्याकडे बघायला कोणाला सवड नव्हती. महिने गेले. नळाचा वायसर झिजला आणि थेंब गळायला लागला. चादरीखाली माझ्या पोटात नळापासून जाळीपर्यंत गंजाचा तांबडा ओघळ उमटला. जाळीभोवती काळं कडं धरलं. कोपऱ्यात कोळ्यानं बस्तान मांडलं. वासही यायला लागला. हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं आणि मला फार लाज वाटत होती.

एका सकाळी चकचकराव म्हणाले, "अगं, हाडं नुसती गारठलीत. गरम पाण्यात बसलो तर बरं वाटेल."

या वेळी बाईसाहेबांनी एकही कारण सांगितलं नाही. "आत्ता बसवते," म्हणाल्या आणि लेकीला फोन करून बोलावलं, म्हणजे दोघी मिळून त्यांना धरतील. मग त्या आत आल्या, माझ्यावरची चादर ओढली आणि जागच्या जागी थिजल्या.

"अहो, टबाची पार दशा झालीय हो! यात कसं बसवू तुम्हाला?"

"बसव तसंच," पलंगावरून आवाज आला. "हॉटेलात याहून वाईट पाहिलेत मी."

"छे! असल्या घाणीत? थांबा, पाच मिनिटं."

मी ओरडत होतो. माझ्या परीनं, लोखंड जेवढं ओरडू शकतं तेवढं. नको घासूस! बसव त्यांना! पण त्या गुडघे टेकून बसल्या आणि सोडा घेऊन घासू लागल्या. काळं निघालं. गंज काही निघेना.

"लिंबू लाव," ते आतून म्हणाले. "वरून मीठ टाक थोडं."

"लावलं."

"आता दहा मिनिटं राहू दे. लगेच घासू नकोस."

"बरं."

"आता फडक्यानं. एका दिशेनं. जोर नको करूस."

"निघतोय हो! निघतोय थोडा!"

"पुन्हा लिंबू लाव."

अशी दोघांची शिकवणी चालली होती, पहिल्या दिवशी चालली होती तशीच. फक्त आतला आवाज दर वेळी थोडा बारीक होत होता. बाईसाहेबांचं लक्ष डागाकडे होतं. पाच मिनिटांचा दीड तास झाला. शेवटी मी निघालो खरा, पहिल्यासारखा. त्यांनी बोटांची मागची बाजू फिरवून पाहिली. मग नळाचं गरम पाणी पुरणार नाही म्हणून शेगडीवर मोठी पातेलीही चढवली, नळ सोडला आणि कोपर बुडवून पाणी बेताचं केलं. किती वर्षांनी मी गळ्याशी येईपर्यंत भरलो होतो! आरशावर वाफ धरली. मला वाटलं, चला, उशिरा का होईना.

टॉवेल खांद्यावर टाकून त्या आत गेल्या, आणि मला त्यांची हाक ऐकू आली. मग दुसरी, मोठ्यानं. चकचकरावांना श्वास घेता येत नव्हता. तेवढ्यात लेक पोहोचली, तिनं फोन फिरवले आणि गाडी आली. दोन माणसं स्ट्रेचर घेऊन वर आली. आमची वाट चिंचोळी, बाथरूमच्या दारावरूनच जाणारी. दार बाहेर उघडलेलं होतं, म्हणून त्यांना घडीभर थांबावं लागलं. तेव्हा चकचकरावांनी मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. पांढरा, भरलेला, वाफाळणारा.

"छान निघालाय गं," ते म्हणाले.

"काका, बोलू नका," स्ट्रेचरवाला म्हणाला. लेकीनं दार ढकललं आणि ते खाली गेले. दोन दिवसांनी दवाखान्यातच संपले. घरी आलेच नाहीत.

माझ्यातलं पाणी तसंच राहिलं. माणसं येत होती, बाहेरच्या खोलीत बसत होती, जात होती. बाथरूममध्ये हात धुवायला आलेल्यांना मी भरलेलाच दिसायचो. लेक म्हणाली, "आई, पाणी सोडून देते." आई म्हणाली, "राहू दे." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, "राहू दे गं." नवव्या दिवशी दुपारी त्या एकट्याच आल्या, बाही वर सारली आणि त्या थंडगार पाण्यात खांद्यापर्यंत हात घालून बूच काढलं. पाणी जाईपर्यंत त्या तशाच वाकून उभ्या होत्या. सगळं पाणी गेल्यावर, जिथवर ते होतं तिथे माझ्या अंगावर गोल, फिकट पिवळी रेघ उमटलेली दिसली.

लेकीनं लगेच सोडा आणि फडकं आणलं. बाईसाहेबांनी तिचा हात धरला.

"ती नको काढूस."

"आई, आत्ता नाही काढली तर नंतर निघणार नाही."

"नाही निघाली तर नाही."

आता बाईसाहेबांचे गुडघे धरतात, तरी शनिवार चुकत नाही. नळाला नवा वायसर बसवलाय. जाळी काढतात, मगभर पाणी ओततात, रेघेच्या वर घासतात, रेघेच्या खाली घासतात. रेघेपाशी आल्या की फडकं उचलतात. एकदा काम संपल्यावर माझ्या काठावर टेकून त्या म्हणाल्या, "बसू दिलं असतं तर काय बिघडलं असतं?" मला तोंड नाही, आणि उत्तर त्यांनाही ठाऊक आहे. मग त्या बराच वेळ रडल्या. नळ सोडला नव्हता, त्यामुळे सगळ्या घराला ऐकू गेलं असेल. घरात दुसरं कोणी नव्हतंच.

मित्रांनो, तुमच्या घरात क्वचित वापरला जाणारा एखादा टब असेल तर त्याची हेळसांड करू नका. मऊ फडक्यानं पुसा, कोरडा ठेवा, गळका नळ आजच्या आज बदला. आम्ही तुमचे आभार मानू. पण त्याआधी घरातल्या माणसाला विचारा, बाबा रे, तुला बसायचंय का? तो हो म्हणाला तर त्याच दिवशी पाणी सोडा. टब मळला तर मळू द्या. अहो, माणसाच्या अंगाचा मळ दहा मिनिटांत निघतो. बावीस बाथरूम घासणाऱ्या माणसानं ते मला रोज करून दाखवलंय.

आज माझ्या अंगावर एकच डाग आहे. तो ज्या अंघोळीचा आहे, ती अंघोळ कोणी केलीच नाही.